सहा चाळीसची थंडी

रजिस्टरकाकांना जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत पंचवीस वर्षं बिनतक्रार काढल्याबद्दल लाकडी चौकटीचा एक थर्मामीटर भेट मिळाला, इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. तो त्यांनी बैठकीच्या खोलीत एखाद्या खिळ्याला टांगला असता तर ही गोष्ट सांगण्याची वेळच आली नसती. पण आकडा दिसला की तो लिहून ठेवल्याशिवाय काकांना घास गिळवत नसे, आणि इथे तर अष्टौप्रहर आकडा दाखवणारी वस्तू घरात आली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक जाड वही आणली, उभ्या रेघा मारल्या आणि रकान्यांना नावं दिली: तारीख, वेळ, तापमान, सही, तपासणाऱ्याची सही, शेरा.

"सही कुणाची?" काकूंनी विचारलं.

"माझी."

"आणि तपासणारा कोण?"

"तोही मीच. दुसरं आहे कोण इथे?"

काकू नुसतं "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. काकूंचं "बरं" हे पावतीसारखं असतं. मिळालं एवढंच कळतं, मान्य आहे की नाही ते कळत नाही.

लेक कॉलेजात जाणारी. ती म्हणाली, "बाबा, हे सगळं फोनवर दिसतं."

"फोनवर कुठलं दिसतं?"

"विमानतळावरचं."

"मग ते विमानांनी बघावं. आपल्या मागे तळं आहे, पुढे टेकडी आहे. आपल्या इथलं हवामान वेगळं असणार, आणि ते आजवर कुणीही लिहून ठेवलेलं नाही."  उभ्या आयुष्यात काकांनी दुसऱ्यांचे जन्म आणि दुसऱ्यांचे मृत्यू लिहिले होते. जे कुणीच लिहिलं नाही ते लिहिण्याची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती.

आता थर्मामीटर टांगायचा कुठे, हा प्रश्न आला आणि अख्खी इमारत जागी झाली. तळमजल्यावर निवृत्त भूगोलसर राहत. त्यांनी पायरीवर उभं राहूनच पाठ घेतला. थर्मामीटर जमिनीपासून चार फुटांवर हवा, कायम सावलीत हवा, पांढऱ्या झडपांच्या पेटीत हवा, आणि जवळपास भिंत नको. काकांनी सुताराकडून तशी पेटी करून घेतली. सुताराने मापं घेताना "कबुतरं किती ठेवणार?" एवढंच विचारलं. पेटी फाटकाजवळ ठेवली, तर दोन दिवसांत तिच्या झडपांमधून लोकांनी तीन पत्रं, एक लग्नाची पत्रिका आणि चष्म्याच्या दुकानाची सतरा पत्रकं आत सरकवली. शिवाय सेक्रेटरींनी हरकत घेतली. सोसायटीच्या मोकळ्या जागेत कायमस्वरूपी बांधकाम करायचं तर लेखी अर्ज हवा, तीन प्रतींत.

"अहो, बांधकाम कसलं? पेटी आहे."

"तिला छप्पर आहे ना? अर्ज ठेवून जा. मंगळवारी या."

हे "मंगळवारी या" काकांच्या काळजात घुसलं. पंचवीस वर्षं ते खिडकीतून लोकांना हेच सांगत आले होते, पण बाहेरच्या बाजूने ते कसं ऐकू येतं याची त्यांना कल्पना नव्हती. फार वाईट ऐकू येतं. त्यानंतर तीन मंगळवार गेले. शेवटी, तात्पुरती सोय म्हणून, काकांनी थर्मामीटर आपल्याच मागच्या गॅलरीत, शेजारच्या वकीलसाहेबांच्या आणि त्यांच्या सामाईक भिंतीवर टांगला. जागा सावलीची होती आणि उंची चार फूट होती. भिंत नको असं सर म्हणाले होते खरं, पण खिळा काही हवेत ठोकता येत नाही.

रोज सकाळी पावणेसातला काका नोंद घेत. आठवड्याभराने त्यांना वाटलं, नुसतं काय झालं हे लिहिण्यात काय आहे, ते तर कचेरीतही करतो. काय होणार हे सांगता आलं पाहिजे. मग जिन्याजवळच्या सोसायटीच्या फळ्यावर त्यांनी खडूने लिहिलं: "उद्या सकाळचे तापमान: १७." दुसऱ्या दिवशी गॅलरीत बघितलं तर सतरा! पुन्हा सतरा लिहिलं, पुन्हा सतरा. कधी सोळा, कधी अठरा, पण अंदाज चुकला असं होईना. लागोपाठ एकोणीस दिवस काकांचा अंदाज त्यांच्याच थर्मामीटरने खरा ठरवला, आणि दोन्ही रकान्यांत त्यांच्या सह्या झाल्या.

इमारतीत काकांचा भाव वधारला. दोन महिन्यांपूर्वी ज्यांना जिन्यात कुणी वाट देत नव्हतं, त्यांना आता लोक थांबवून विचारू लागले. "काका, स्वेटर काढू का?" "काका, सकाळी फिरायला जाऊ ना?" काका एक क्षण डोळे मिटत आणि म्हणत, "सतरा आहे. बिनधास्त जा." लोक अर्ध्या बाह्यांत बाहेर पडत आणि दात वाजवत परत येत. पण फळ्यावर सतरा लिहिलेलं असताना थंडी वाजते म्हणजे दोष आपल्यातच असणार, असं प्रत्येकाने आपापलं ठरवलं. दोघांनी रक्त तपासून घेतलं. सेक्रेटरी तर कुणाला न सांगता लोहाच्या गोळ्या घेऊ लागले. एकटे भूगोलसर कानटोपी घालून हिंडत आणि फळ्यासमोर थांबून "आश्चर्य आहे" म्हणत. काकांना ती दाद वाटे.

इथपर्यंत सगळा हौसेचा मामला होता. तो गंभीर झाला तो वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंमुळे. त्यांच्या खोलीचं छत गळायचं, आणि नेमकं खिडकीपाशी गळायचं. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. खिडकीपाशी पलंग, पलंगावर पडल्या पडल्या रस्ता, तळं, आभाळ बघायचं, एवढीच आजींची करमणूक होती. छत गळू लागल्यापासून पलंग आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला होता, आणि आजींनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. नर्सबाई इस्पितळात शंभर रोग्यांना धीर देत, पण आईचा विषय निघाला की त्या दुसऱ्याच कामाला लागायच्या. अखेर सोसायटीने गच्चीला गळती थांबवणारा मुलामा द्यायचं ठरवलं. ठेकेदार आला. त्याच्या डब्यावर सूचना छापलेली होती: मुलामा दिल्यावर सहा तास हवा बारा अंशांच्या वर पाहिजे, नाहीतर तो धरत नाही आणि सालासारखा सुटून येतो.

"माझ्याकडे गुरुवार मोकळा आहे," ठेकेदार म्हणाला. "शुक्रवारपासून दोन महिने मी बाहेरगावी. मधे अवकाळी पाऊस आला तर माझा इलाज नाही. हवा कशी राहील ते मला कागदावर लिहून द्या, सहीनिशी. मागाहून बोंब नको."

सेक्रेटरींनी, नर्सबाईंनी आणि जिन्यात जमलेल्या सगळ्यांनी एकाच वेळी रजिस्टरकाकांकडे पाहिलं. काकांची छाती दोन बोटं पुढे आली.

नेमक्या त्याच आठवड्यात रेडिओवर सांगू लागले की उत्तरेकडून थंड हवेची आघाडी सरकते आहे. काकांनी सरांना गाठलं. सरांनी सांगितलं ते असं: जड थंड हवा पाचरीसारखी ऊबदार हवेखाली घुसते, तिला उचलून फेकते आणि पुढे जाते. ती एखाद्या गावावरून जाते तेव्हा वारा एकदम दिशा बदलतो, ढगांची रांग येते आणि तासाभरात तापमान कोसळतं.

"म्हणजे तिच्या जाण्याची वेळ सांगता येते?" काकांनी विचारलं.

"नीट बघितलं तर मिनिटासह सांगता येते."

मिनिटासह! त्या रात्री काकांना झोप लागली नाही. आणि सोमवारी पावणेसातला गॅलरीत जाऊन बघतात तर थर्मामीटर सतरावरून बारावर आलेला! काकांनी घरात आरोळी ठोकली. काकूंच्या हातातलं भांडं खाली पडलं. फळ्यावर तळटीप आली: "थंड हवेची आघाडी आज सकाळी ६.४० वाजता आपल्या सोसायटीवरून गेली." मंगळवारीही बारा. बुधवारी पुन्हा सतरा. आघाडी आली, दोन दिवस राहिली, गेली. काकांनी ठेकेदाराला सहीनिशी लिहून दिलं: गुरुवार, सतरा, काम करण्यास हरकत नाही.

"पण वारा कुठे फिरला?" भूगोलसरांनी विचारलं. "आणि ढग?"

"सर, यंत्र खोटं बोलत नाही," काका म्हणाले.  सरांनी कानटोपी आणखी खाली ओढली.

गुरुवारी सव्वासातला काका दूध आणायला निघाले, तेव्हा जिन्यात वकीलसाहेब भेटले. अंगातून वाफा निघत होत्या, चेहरा लालबुंद.

"दोन दिवस दिसला नाहीत?" काकांनी सहज विचारलं.

"परगावी तारीख होती. रविवारी गेलो, मंगळवारी रात्री आलो. लॉजवर गरम पाणी नाही हो! माझं कसं आहे, सहा वाजून वीस मिनिटांनी मी न्हाणीघरात शिरतो, कडकडीत पाणी, अर्धा तास. त्याशिवाय मी माणसात येत नाही."

काका एक पायरी उतरले आणि थांबले. रविवारी गेले. मंगळवारी रात्री आले. सोमवार बारा, मंगळवार बारा, बुधवार सतरा.

"तुमचं न्हाणीघर कुठल्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं, पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. गॅलरीत जाऊन त्यांनी भिंतीला तळहात लावला. भिंत तापलेल्या माणसाच्या कपाळासारखी गरम होती.

तरीही काका पुराव्याशिवाय मानणाऱ्यांतले नव्हते. अर्ध्या तासाने, भिंत निवल्यावर, त्यांनी वकीलसाहेबांची बेल वाजवली.

"एक नाजूक विनंती आहे. तुम्ही पुन्हा अंघोळ कराल का?"

वकीलसाहेबांनी आधी डावी बाही हुंगली, मग उजवी. "का? काही तक्रार आहे?"

"तक्रार नाही. शास्त्र आहे. नर्सबाईंच्या छताचा प्रश्न आहे."

"माझ्या अंघोळीचा आणि त्यांच्या छताचा संबंध कोर्टात सिद्ध करावा लागेल," ते म्हणाले. पण माणूस कुतूहलाचा. टॉवेल घेऊन आत गेलेच. भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज आणि खडा स्वर येऊ लागला, आणि अलीकडे लेक वाचू लागली, "तेरा... चौदा... बाबा, साडेपंधरा... वकीलकाकांनी वरचा सूर लावला, सोळा!" सतराला काकांनी हात वर केला. मग थर्मामीटर काढून त्यांनी अंगणातल्या कपड्यांच्या दोरीला, सावलीत, भिंतीपासून दूर टांगला. दहा मिनिटांनी त्याने अकरा दाखवले.

म्हणजे इतके दिवस काकांनी आपल्या हवामानाची नव्हे, शेजाऱ्याच्या न्हाणीघराची नोंद ठेवली होती. आणि खरी आघाडी अजून आलीच नव्हती. ती यायची होती, कदाचित आजच, आणि वर गच्चीवर ठेकेदार झाडू मारत होता.

गप्प बसता आलं असतं. कागदावर सतरा होतं, कुणाला काही कळलं नसतं, आणि मुलामा सुटला असता तर ठेकेदाराच्या डब्याला दोष देता आला असता. काका जिन्यात दोन मिनिटं उभे राहिले. त्यांना खूप लाज वाटत होती. मग त्यांना आजींचा आतल्या खोलीतला पलंग आठवला आणि ते वर गेले.

गच्चीवर सगळे जमले होते. काकांनी सगळं सांगितलं, अंघोळीसकट.  सेक्रेटरी ओरडले, "म्हणजे मी तीन आठवडे लोहाच्या गोळ्या फुकट खाल्ल्या?" ठेकेदार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साडेनऊपर्यंत सांगा, लावू की नको. साडेनऊला सुरू केलं तर दहाला हातावेगळं होईल. चारपर्यंत हवा टिकली पाहिजे. नाही म्हणालात तर दोन महिन्यांनी भेटू."

भूगोलसरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "चिडून काय होणार? आता बघू या, ती आत्ता कुठे आहे. उत्तरेकडे कुणी ओळखीचं आहे?"

ओळखीचं! उत्तरेकडच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात नोंदणी कचेरी होती आणि प्रत्येक कचेरीत काकांसारखाच एक रजिस्टरवाला होता. दाखले मागवता मागवता पंचवीस वर्षांत सगळ्यांशी फोनवरची मैत्री झालेली. या जमातीची एक खोड आहे, आणि जगाने तिला आजवर फक्त नावंच ठेवली आहेत: काहीही घडलं की हे आधी घड्याळ बघतात.

काकांनी पहिला फोन लावला, दोनशे साठ किलोमीटरवरच्या गावी. "गार कधी झालं?"

"सहाला. मी खिडकी लावली, सहा वाजून शून्य मिनिटं. का हो?"

दुसरा फोन, दोनशे दहा किलोमीटर. "आठला. वारा एकदम उलटा फिरला, वाळत टाकलेला माझा शर्ट शेजाऱ्याकडे गेला. आठ म्हणजे बरोबर आठ."

दोन तासांत पन्नास किलोमीटर. काकांनी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. हिशेब पक्का होता. "चार वाजून चोवीस मिनिटं."

"म्हणजे चोवीस मिनिटं हाताशी," ठेकेदार म्हणाला. "लिहून देता?"

काका नर्सबाईंकडे वळले. "बाई, मी एकोणीस दिवस चुकलोय. या वेळी माझ्याकडे एक खिडकी आणि एक शर्ट आहे, बाकी काही नाही. सही मागू नका. ठरवायचं तुम्ही."

 "सतरा म्हणत होतात तेव्हा एवढा भरवसा वाटत नव्हता," नर्सबाई म्हणाल्या. "लावा."

साडेनऊला दोरीवर तेरा होते. दहाला मुलामा पुरा झाला. काकांनी कचेरीत रजा कळवली, कारणाच्या जागी "हवामान" लिहिलं, आणि दोरीपाशी खुर्ची टाकली. बाराला तिसऱ्या गावचा फोन आला, एकशे दहा किलोमीटरवरून: आत्ता आली. हिशेब जुळला, पुन्हा चार चोवीस. लोक टाळ्या वाजवणार तेवढ्यात, दीड वाजता, चौथ्या गावाने घोटाळा केला.

"साठ किलोमीटर, आणि इथे आलीसुद्धा!" काका ओरडले. "तिने वेग वाढवलाय. आता तीन वाजून अठरा!"

तीन अठरा म्हणजे मुलामा कच्चा. सगळी इमारत अंगणात गोळा झाली. कुणी म्हणालं, गच्चीवर गोधड्या घालू. कुणी म्हणालं, शेगड्या ठेवू. सेक्रेटरींनी आघाडीला लेखी हरकत घेता येईल का, असंही विचारलं, आणि ते थट्टा करत नव्हते. भूगोलसर फाटकाशी रुमाल धरून उभे होते. रुमाल दक्षिणेच्या वाऱ्याने उत्तरेकडे फडकत होता.

तीन अठरा झाले. काही झालं नाही. दोरीवर वीस. तीन पंचवीस, वीस. तीन पस्तीसला उत्तरेकडे टेकडीमागून ढगांची एक लांब, करडी, पट्टीने आखल्यासारखी रांग वर आली. दक्षिणेचा वारा थांबला. झाडाचं पान हलेना. सरांचा रुमाल लुळा पडला, आणि मग एका झटक्यात उलट्या दिशेला ताठ झाला.

"फिरला!" सर लहान मुलासारखे ओरडले.

गार हवा तळ्यावरून आली. आधी पाण्यावर सुरकुती दिसली, ती काठापर्यंत धावत आली, मग झाडं वाकली, मग सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले. काकांच्या डोळ्यांदेखत पारा उतरू लागला. एकोणीस. सतरा. पंधरा. काका मोठ्याने आकडे सांगत होते आणि लेक लिहीत होती. तेवढा वेळ काका गच्ची विसरले, सही विसरले, अब्रू विसरले. एवढी मोठी गोष्ट आपल्या फाटकातून आत येताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांना फार आनंद झाला.

तीन पन्नासला चौदा. पाच मिनिटांनी तेरा. चारला सव्वाबारा. ठेकेदार गच्चीवर वाकला, मुलाम्यावर अंगठा दाबला, उचलला, उजेडात धरला. अंगठा कोरडा होता.

सव्वाचारला अकरा झाले आणि पाच वाजता पावसाची बारीक भुरभुर आली. नर्सबाई छताकडे मान वर करून तासभर उभ्या राहिल्या. एक थेंब पडला नाही. सहाला चौघांनी मिळून पलंग आतून उचलला आणि खिडकीपाशी आणून ठेवला. काका वही घेऊन आले होते, आजींना आकडे वाचून दाखवायला.

"तीन पस्तीस, वीस अंश," त्यांनी सुरुवात केली.

"ते राहू दे," आजी म्हणाल्या. खूप दिवसांनी त्या बोलत होत्या. "दिसली कशी ते सांग. मी आत होते. मला नुसता आवाज आला."

काकांनी वही मिटली. मग त्यांनी पाण्यावरची सुरकुती सांगितली, लुळा पडलेला रुमाल सांगितला, वाकलेली झाडं हातांनी करून दाखवली. आजी खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या.

"पुढची कधी येणार?" त्यांनी विचारलं.

दारात सेक्रेटरी, सर, वकीलसाहेब, सगळे कान टवकारून उभे होते. काकांच्या तोंडाशी एक आकडा आला होता. त्यांनी तो गिळला.

"मला माहीत नाही, आजी," काका म्हणाले. "पण उत्तरेकडे चौघांना सांगून ठेवलंय. निघाली की फोन येईल. मग मी वर येईन, आणि आपण दोघं मिळून बघू."